आधी विहिरीत बघा

इंजिन बंद पडलंय म्हणून बोलावणं आलं की मी आधी विहिरीत वाकून बघतो. इंजिनाचा नंबर नंतर. मालकाला ते पटत नाही. त्याचं सांगणं चालूच असतं, "मिस्त्री, धूर लय टाकतंय बघा", "दोन तास चालतंय आन् गपकन बसतंय", आणि मिस्त्री आपला पाण्याकडं बघत उभा. पण आटपाडी, दिघंची, खरसुंडी, झरे या टापूत ज्यांनी ज्यांनी ऑइल इंजिनं दुरुस्त केली, त्यांची सुरुवात अशीच व्हायची. इथल्या इंजिनाचे निम्मे आजार इंजिनाचे नसायचेच, पाण्याचे असायचे. माणदेश म्हटलं की लोक साहित्यिकांच्या गोष्टी काढतात. मी डिझेलच्या काढतो, आणि त्यातही या भागाचा इतिहास बराचसा सापडतो असं माझं मत आहे.

इंजिनाच्या आधी मोट होती. ती मी लहानपणी शेवटी शेवटीची पाहिली. चामड्याची मोट, तिला सोंड, वरच्या चाकावरून नाडा, खालच्या कण्यावरून सोंदूर, आणि धावेवर मागं-पुढं होणारी खिलार बैलांची जोडी. आटपाडी महालातली खिलार जनावरं नावाजलेली. या कोरड्या मुलखात कमी चाऱ्यावर टिकणारा आणि झपाझप चालणारा दुसरा बैल नाही. मोटेचं काम वेळखाऊ होतं, पण एक गोष्ट होती. बैल दमायचे, दिवस मावळायचा, मोट सुटायची, आणि रात्रभरात विहिरीला पाझरून पाझरून पुन्हा पाणी यायचं. विहीर आणि बैल दोघांचा विसावा एकाच वेळी व्हायचा. इंजिनाला दम लागत नाही. डिझेल आहे तोवर ते ओढतं. आमच्या धंद्यात पुढं जे जे उद्भवलं त्याचं मूळ इथं आहे.

आता हे इंजिन आमच्याकडं आलं कुठून? याचं उत्तर फार लांबचं नाही. आटपाडी औंध संस्थानात होती. संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हे, विखुरलेले तुकडे: औंध एकीकडं, आटपाडी दुसरीकडं, कुंडल तिसरीकडं, एक तुकडा पार विजापूरकडं. त्या कुंडलजवळच्या रेल्वे स्टेशनापाशी निवडुंगानं भरलेली ओसाड जागा औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेला हा माणूस लोखंडी नांगर करायला लागला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमिनीला विष चढतं असा समज होता. नांगर विकायलाच त्यांना काही वर्षं घालवावी लागली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, हातपंप आणि पुढं पाण्याचे सेंट्रिफ्यूगल पंप तिथून निघू लागले.

नांगराबद्दलची भीती खोटी ठरली. इंजिन आलं तेव्हाही आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, हे यंत्र विहिरीचं रक्त पिणार. त्यांना सगळे हसले. ही भीती मात्र खरी निघाली.

साताऱ्याच्या बाजूला दुसरा कारखाना होता, सातारा रोडला, धनजीशा कूपर यांचा, १९२२ सालचा. तिथंही सुरुवात नांगरांपासूनच, आणि १९३०च्या दशकात डिझेल इंजिनं. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. इंजिनं करणारा माणूस राज्याच्या गादीवर बसला, तोही आपल्या साताऱ्याचा, हे माझ्या वस्तादांना फार अभिमानाचं वाटायचं. स्पॅनर फिरवताना ते हे गिऱ्हाइकाला हमखास ऐकवायचे.

त्याच सुमाराला खुद्द आटपाडीजवळ एक इंजिनिअर येऊन गेला, पण इंजिन घेऊन नव्हे. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा माणूस, बंगलोरला विजेच्या सरकारी कारखान्याचा प्रमुख होता. औंधच्या राजांनी १९३९ साली प्रजेला राज्यघटना दिली त्या सगळ्या खटाटोपात तो होता, आणि त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची उघडी वसाहत त्याच्याच कल्पनेतून निघाली. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा तिच्यावरूनच सुचला, आणि त्याची कथा लिहिली शेटफळ्याच्या गदिमांनी. बिनभिंतींच्या तुरुंगात कैद्यांनी शेती करायची, तीही या कमी पावसाच्या मुलखात! मला या गोष्टीत नेहमी एकच प्रश्न पडतो: त्यांनी पाणी कसं उपसलं? सिनेमात कोबी-भाज्यांचे ढीग दिसतात, पाटाचं पाणी कुठून येतं ते कोण बघतं.

१९४८ साली संस्थान विलीन झालं. आटपाडी पुढं दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली आणि १९६० साली त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. तोवर पुण्याला खडकीत किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना १९४६ सालीच निघाला होता. त्याआधी जे कुणी मोठे बागायतदार इंजिन आणत ते विलायती, लिस्टर, रस्टन, पीटर. मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेणारी, दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेएवढी फ्लायव्हीलं असलेली ही धुडं. गावठी लोक त्यांना इंजान म्हणत. पाच हॉर्सपॉवरचं, पंधराशे फेऱ्यांचं, एका सिलिंडरचं खडकीचं इंजिन आलं आणि इंजिन साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यात आलं. तगाई निघाली, भूविकास बँकेची कर्जं निघाली, विहिरीवर पत्र्याचं खोपटं उभं राहिलं. राजकोटहूनही जुन्या विलायती घडणीची इंजिनं येऊ लागली. मोटेची दगडी थारोळी रिकामी पडली. मोटा शिवणारे आमच्या गावचे चर्मकार त्याच चामड्याचे गोल वायसर कापून देऊ लागले, फुटव्हॉल्व्हला बसवायला. कारखान्यातून आलेल्या वायसरपेक्षा ते जास्त टिकायचे, हे मी स्वतः वापरून सांगतो.

मी या धंद्यात पडलो ते बहात्तरच्या दुष्काळात. आधी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, आणि मग दिघंची रोडवरच्या एका शेडमध्ये वस्तादांच्या हाताखाली लागलो. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. इंजिनाबरोबर येणारं पुस्तक ते मला वाचायला लावायचे आणि ऐकून झाल्यावर त्यातलं काय खोटं ते सांगायचे. "पुस्तक पुण्यात लिवलंय, इंजान झऱ्यात चालवायचंय," असं त्यांचं म्हणणं.

त्यांची तपासण्याची रीत ठरलेली होती. इंजिन चालू होत नाही, तर आधी टाकी. टाकीत डिझेल आहे का हे विचारायचं नाही, झाकण काढून बघायचं. मालक कधीच खरं सांगत नाही. डिझेल संपून इंजिन थांबलं असेल तर पाइपात हवा शिरते, आणि मग टाकी भरली तरी इंजिन उचलत नाही. फिल्टरचा बारका स्क्रू ढिला करायचा, बुडबुडे थांबेस्तोवर डिझेल वाहू द्यायचं, मग पंपाचा स्क्रू, मग नोझलच्या पाइपाचा नट. एकानं हँडल मारायचं, दुसऱ्यानं नोझलला कान द्यायचा. चर्र, चर्र असा आवाज आला की नोझल बोललं. नाही बोललं तर नोझल काढून बाहेर पाइपला जोडायचं आणि फवारा बघायचा. धुकं पडल्यासारखं पडलं पाहिजे. थेंब गळत असतील तर इंजिन धूर ओकणारच. या फवाऱ्यापुढं हात धरायचा नाही. वस्तादांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली ही गोष्ट, आणि त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बघितला की का शिकवली ते कळायचं. ते डिझेल कातडीतून आत घुसतं.

मग कॉम्प्रेशन. डिकम्प्रेशनची कळ वर करून हँडल मारायचं, चाक वेगात आलं की कळ पाडायची. चाकानं मागं झटका दिला पाहिजे. लुळं पडून फिरत राहिलं तर कुठंतरी गळती आहे. ती रिंगांत आहे का व्हॉल्व्हात? हवेच्या तोंडातून चमचाभर ऑइल आत सोडायचं. झटका परत आला तर रिंगा आणि लायनर झिजलेत, ऑइलानं तात्पुरती फट भरली. नाही आला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. हेड उतरवा आणि पेस्ट लावून घासा. टॅपेटचा गॅप मोजायला आमच्याकडं फिलर गेज फार उशिरा आलं. दाढीची दोन पाती एकावर एक ठेवली की जेमतेम तेवढाच गॅप होतो. एक पातं मिलिमीटरचा दहावा भाग, दोन पाती दोन दहांश. पुस्तकाशी मी ताडून बघितलं, वस्ताद बरोबर होते.

धुराचे रंग सगळ्यांनाच ठाऊक असतात: काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे इंजिन गार आहे नाहीतर आत पाणी शिरतंय. पण हे रंग सपाट जमिनीवरच्या इंजिनाचे. आमच्याकडं धुराचा अर्थ लावायचा तर आधी इंजिन किती फूट खाली बसवलंय ते विचारावं लागायचं.

ते असं. पंप पाणी ओढतो म्हणजे पाइपातली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ही हवा समुद्रसपाटीला फार तर चौतीस फूट पाणी चढवते. आमच्या उंचीवर त्याहून कमी, आणि जॉइंटातली गळती, फुटव्हॉल्व्ह, पाइपातलं घर्षण धरून प्रत्यक्षात वीस-बावीस फूट. त्याखाली पाणी गेलं की पंप कितीही जोरात फिरवा, पाणी येत नाही. बहात्तर सालात पाणी त्याखाली गेलं. विहिरी खणून खणून पन्नास-साठ फुटांवर नेल्या, सुरुंग लावून काळा पाषाण फोडला. पण पाण्यामागं पंपालाही खाली जावं लागतं. मग विहिरीच्या भिंतीत कट्टा कोरायचा, काठावर तीन वाशांची घोडी उभी करायची आणि चेनपुलीनं इंजिन खाली सोडायचं. पुढच्या दोन-चार वर्षांत पाणी आणखी उतरलं की आणखी खालचा कट्टा. आजही जुन्या विहिरीत वाकून बघा, भिंतीत एकाखाली एक असे कोनाडे दिसतील. पावसाची आकडेवारी सरकारकडं असेल. आमच्याकडं हे कोनाडे आहेत.

विहिरीतलं इंजिन काळा धूर टाकतं. वर आणून चालवलं की अगदी निर्मळ. कित्येक मालकांनी यापायी नोझल बदलले, पंपाचे एलिमेंट बदलले, पैसे घातले. इंजिनात काहीच बिघाड नसायचा; ते आपलाच धूर पुन्हा ओढत असायचं. उपाय म्हणजे धुराचा पाइप काठापर्यंत वर न्यायचा, पण तोही जाड पाहिजे. बारका पाइप लावला की धूर अडतो आणि इंजिन तापतं. पाइपाचं तोंड आभाळाकडं ठेवलं तर परतीच्या पावसात पाणी सरळ सिलिंडरात. म्हणून वर बाक द्यायचा, नाहीतर रात्री त्यावर डालड्याचा डबा पालथा घालायचा.

आणि माणसं. इंजिनाच्या धुरात जो वायू असतो त्याला वास नाही, डोकं जड होतं, झोप येते. माणूस पाणी का थांबलं ते बघायला खाली उतरतो आणि वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो. अशी घरं या तालुक्यात आहेत. नावं घेत नाही. वस्तादांचा नियम होता, इंजिन चालू असताना खाली कुणी नाही. बंद करायच्या कळीला दोरी बांधून ती काठावर खुंटीला. दोरी नसेल तिथं ते हत्यारांची पेटी उघडायचेच नाहीत. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

दोन तास चालून गपकन बसणाऱ्या इंजिनाची गोष्ट राहिली. पुष्कळ ठिकाणी इंजिनाला गार करायचं पाणी पंपाच्या डिलिव्हरीतूनच एक बारकी नळी काढून दिलेलं असायचं. विहिरीत दोन तासांचं पाणी. ते संपलं की फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, पंप हवा धरतो, पाटाचं पाणी थांबतं आणि त्याचबरोबर इंजिनाचंही. ओझं गेल्यामुळं इंजिनाचा आवाज हलका होतो, लांब बांधावर बसलेल्याला वाटतं, झकास चाललंय. पंधरा-वीस मिनिटांत पिस्टन लायनरला धरतो. गॅस्केट जळतं, कधी हेडला चीर. आमच्या पाण्यात खार एवढा की इंजिनाभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत पांढरा थर चढतो, मग पाणी असूनही गारवा पोचत नाही. अशा इंजिनाला नवा पिस्टन टाकून दिला आणि विहिरीबद्दल काही सांगितलं नाही, तर मिस्त्री दोन महिन्यांनी पुन्हा बोलावला जाणार. काही मिस्त्रींना ते सोयीचंही होतं.

पंपाचे उपाय मात्र बिनखर्ची. सक्शनच्या जॉइंटात हवा कुठून शिरते ते शोधायला उदबत्ती पेटवून जॉइंटाभोवती फिरवायची, जिथं धूर आत ओढला जातो तिथं फट. फुटव्हॉल्व्ह पाणी धरत नसेल आणि खाली उतरायला माणूस नसेल तर पंपात शेणकाला ओतायचा. वायसरच्या फटीत शेण बसतं, पाइप भरतो, तेवढा दिवस निघतो. पट्टा घसरत असेल तर राळ. डिझेल रॉकेलच्या डब्यातून आणलेलं, म्हणून धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तेव्हा डिझेलात रॉकेल मिसळायची खोडही लोकांना लागली. पंपाच्या एलिमेंटाला वंगण डिझेलाचंच असतं, ते रॉकेलानं सुकं पडून झिजतं. त्या काळात आमचं दुकान बरं चाललं.

मग वीज आली. मोटरीचं बिल हॉर्सपॉवरवर ठरलेलं, कितीही वेळ चालवा. डिझेलचा हिशेब करणारा शेतकरी बटण दाबून घरी जायला लागला, आणि विहिरी आणखी लवकर तळाला गेल्या. त्यानंतर बोअरच्या गाड्या. पाण्यात बुडालेली मोटर ढकलते, ओढत नाही, त्यामुळं वीस-बावीस फुटांचा कायदाच तिला लागू नाही. इंजिनाची शेडं ओस पडली. लोडशेडिंगच्या वर्षांत काहींनी ती पुन्हा झाडून पुसून काढली, तेवढीच आमची दिवाळी.

या सगळ्या वर्षांत पाणी आणायची भाषणंही आटपाडीतच व्हायची. नागनाथअण्णा नायकवडींनी दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद इथं भरवली, लोक बैलगाड्यांनी, ट्रकांनी आले. कराडजवळच्या टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं इकडं आणायचं, ही योजना १९९६च्या सुमाराला सुरू झाली. मला त्या वेळी हे सगळं अशक्य वाटायचं. बावीस फुटांत हयात घालवलेल्या माणसाला शेकडो फुटांची उचल कशी पटणार? पण पाणी आलं. गेल्या दहा-बारा वर्षांत तलाव भरले, ओढ्याला पाणी सुटलं, डाळिंबाच्या बागा वाढल्या आणि तलावाखालच्या जुन्या विहिरी कधी नव्हे त्या वरपर्यंत तुंबल्या.

त्यामुळं आता बोलावणी येतात ती वेगळीच. बहात्तरनंतर खालच्या कट्ट्यावर उतरवलेली, मोटर आल्यावर तिथंच सोडून दिलेली इंजिनं पाण्याखाली गेली आहेत. मालकाचा पोरगा फोन करतो, "काका, आज्याचं इंजान काढायचंय, चालू हुईल का?" माझा भाचा मालवणला पर्यटकांच्या पाण्यावरच्या स्कूटरी दुरुस्त करतो, त्याच्याकडं गाडी पालथी होऊन इंजिनात पाणी जाणं रोजचंच. तो आधी प्लग काढतो, मोकळ्या भोकातून पाणी उडवून देतो, गोड्या पाण्यानं खार धुतो, ऑइल मारतो आणि त्याच दिवशी चालू करतो. आमची रीत तीच, प्लगच्या जागी नोझल एवढाच फरक. नोझल काढल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. पाणी दाबलं जात नाही. वर पाणी असताना पिस्टन रेटला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. खालचं ऑइल सोडायचं, त्याच्याआधी तळाचं पाणी येईल. डिझेलनं दोनदा आतून धुवायचं.

पोरांना मी फोनवर एकच बजावतो, मी पोचल्याशिवाय वर काढू नका. पाण्यात बुडालेलं लोखंड जेवढं सावकाश गंजतं तेवढंच ते वर आल्यावर उन्हावाऱ्यात झपाट्यानं गंजतं, आठवडाभर काठावर पडलेलं इंजिन मग माझ्याच्यानंही हलत नाही. गेल्या महिन्यात एक असं काढलं. रिंगा लायनरला धरलेल्या, पंप गेलेला, पण क्रँक आणि हेड शाबूत. डिझेल भरून ठेवलंय, रोज थोडी ठोक देतो. पिस्टन सुटला तर त्याला एक लायनर लागेल, आणि या जुन्या मापाचा लायनर आता विट्यातही मिळत नाही. कुणाच्या खोपटात पडला असेल तर कळवा.